गोलाकार तारकागुच्छ : निरीक्षण व छायाचित्रण

परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधले गेलेले, केंद्राकडे दाट व कडेकडे विरळ होत जाणारे आणि एकंदरीत गोलाकार दिसणारे हजारो ते लक्षावधी ताऱ्यांचे समूह म्हणजे गोलाकार तारकागुच्छ होत. कृत्तिकेसारख्या खुल्या (विवृत) तारकागुच्छांहून ते अनेक बाबतींत भिन्न आहेत. खुल्या गुच्छात काही शेकडा तारे असतात, ते आकाशगंगेच्या चकतीत आढळतात व त्यांचे वय तुलनेने कमी असते. गोलाकार गुच्छ मुख्यतः आकाशगंगेच्या भोवतीच्या विशाल गोलाकार परिसरात विखुरलेले असून त्यांपैकी बहुतेकांचे वय १० ते १३ अब्ज वर्षांच्या दरम्यान आहे. त्यांतील ताऱ्यांत हायड्रोजन व हीलियम यांहून जड मूलद्रव्ये फार अल्प प्रमाणात असतात. आपल्या आकाशगंगेत असे १५० हून अधिक गुच्छ ज्ञात आहेत. देवयानी दीर्घिकेत त्यांची संख्या काही शेकडा, तर एम ८७ या प्रचंड दीर्घिकेत अनेक हजार आहे.

हौशी निरीक्षकाच्या दृष्टीने या गुच्छांचे महत्त्व दुहेरी आहे. दीर्घिका व अभ्रिका यांचा मंद, पसरट प्रकाश शहराच्या उजळ आकाशात लोपतो. गोलाकार गुच्छांचे गाभे मात्र दाट व तेजस्वी असल्याने मध्यम आकाराच्या दूरदर्शकातून ते शहरातूनही दिसू शकतात. दुसरे म्हणजे, ज्या निरीक्षणांवरून सूर्याचे आकाशगंगेतील स्थान प्रथम ठरले त्यांचे मूलतत्त्व कोणाही निरीक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येते. या नोंदीत पुणे शहर, विशेषतः त्यातील कसबा पेठेसारखी दाट वस्ती, निरीक्षणस्थान धरून विवेचन केले आहे. महाराष्ट्रातील बहुतेक ठिकाणांना ते अल्प फरकाने लागू पडते.

इतिहास : ओमेगा सेंटॉरी हा नरतुरंग तारकासमूहातील गुच्छ नुसत्या डोळ्यांना दिसत असल्याने टॉलेमी यांनी त्याची तारा म्हणूनच नोंद केली होती. योहान बायर यांनी १६०३ च्या नकाशात त्याला ताऱ्याप्रमाणे ग्रीक अक्षर दिले. तो तारा नसल्याचे एडमंड हॅली यांनी सेंट हेलीना बेटावरून १६७७ मध्ये पाहिले. धनू राशीतील एम २२ हा गुच्छ आब्राहाम ईले यांना १६६५ मध्ये आढळला, तर शौरी तारकासमूहातील एम १३ हॅली यांनी १७१४ मध्ये शोधला. शार्ल मेस्ये यांच्या यादीतील ११० वस्तूंपैकी २९ गोलाकार तारकागुच्छ आहेत. परंतु मेस्ये यांना त्यांपैकी बहुतेक केवळ ताराविरहित धूसर ठिपके वाटले. मोठ्या परावर्तक दूरदर्शकांच्या साहाय्याने विल्यम हर्शेल यांनी ते ताऱ्यांनी बनलेले असल्याचे दाखविले व ‘गोलाकार गुच्छ’ हा शब्दप्रयोग १७८९ मध्ये रूढ केला.

छायाचित्रणाच्या आगमनानंतर या अभ्यासाला निराळे वळण लागले. हार्व्हर्ड वेधशाळेच्या पेरू देशातील आरेकीपा येथील केंद्रावर घेतलेल्या काचपट्ट्यांवरून सोलन बेली यांनी या गुच्छांत शेकडो रूपविकारी (तेज कमीअधिक होणारे) तारे शोधून काढले. ओमेगा सेंटॉरीतील अशा ताऱ्यांवरील त्यांचा विस्तृत अभ्यास १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हार्लो शॅप्ली यांनी मौंट विल्सन येथील १५२ सेंमी. दूरदर्शकाने घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे गुच्छांची अंतरे काढली. गुच्छांची वाटणी आकाशात सर्वत्र सारखी नसून ते धनू राशीच्या दिशेस एकवटलेले आहेत, हे त्यांनी लक्षात घेतले. गुच्छ ज्या केंद्राभोवती पसरले आहेत तेच आकाशगंगेचे केंद्र असले पाहिजे आणि सूर्य त्यापासून फार दूर असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९१८ च्या सुमारास मांडला. त्यांनी काढलेले अंतर सु. ५०,००० प्रकाशवर्षे होते. ताऱ्यांमधील धूलीमुळे प्रकाश क्षीण होतो, ही गोष्ट १९३० मध्ये रॉबर्ट ट्रंप्लर यांनी सिद्ध केल्यानंतर व इतर सुधारणांनंतर ते कमी झाले. आज ते सु. २६,००० ते २७,००० प्रकाशवर्षे मानतात. अंतर चुकले होते, तरी दिशा व निष्कर्ष बरोबर होते.

हा निष्कर्ष पडताळण्यासाठी मेस्ये यादीतील २९ गुच्छांची तारकासमूहवार मोजणी पुरते. त्यांपैकी ७ धनू राशीत, ७ भुजंगधारी समूहात व २ वृश्चिक राशीत, म्हणजे एकूण १६ एकाच बाजूच्या तीन लगतच्या तारकासमूहांत आहेत. उरलेले १३ बाकीच्या सर्व आकाशात विखुरलेले असून, मृग व त्याच्या आसपासच्या हिवाळी आकाशात शशक समूहातील एम ७९ हा एकच येतो. सूर्य केंद्रस्थानी असता, तर अशी एकांगी वाटणी संभवली नसती.

गुच्छांची रचना व वर्गीकरण : केंद्राकडील दाटीवरून शॅप्ली व हेलन सॉयर यांनी १९२७ मध्ये गुच्छांचे बारा वर्ग केले. पहिल्या वर्गात अत्यंत दाट गाभ्याचे, तर बाराव्या वर्गात जवळजवळ गाभा नसलेले विरळ गुच्छ येतात. हे वर्गीकरण निरीक्षकास फार उपयुक्त आहे. कारण दोन गुच्छांची एकूण प्रत सारखी असली, तरी दाट गाभ्याचा गुच्छ शहरातून दिसतो व विरळ गुच्छ आकाशाच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो. महाश्व समूहातील एम १५ (वर्ग ४) आणि धनू राशीतील एम ५५ (वर्ग ११) यांची प्रत जवळजवळ सारखी आहे. पुण्याच्या मध्यवस्तीतून एम १५ सहज सापडतो, पण एम ५५ शोधणे कष्टाचे ठरते.

गुच्छातील सर्व तारे स्थूलमानाने एकाच वेळी जन्मले व आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे त्यांचे रंग व प्रती यांचा आलेख काढला असता ताऱ्यांच्या वयोमानाचा आराखडाच हाती येतो. जास्त द्रव्यमानाचे तारे प्रमुख श्रेणी सोडून तांबडे राक्षसी तारे झालेले दिसतात. त्यापुढील अवस्थेतील तारे आडव्या (क्षैतिज) शाखेवर आढळतात. प्रमुख श्रेणी जेथे वळते त्या बिंदूवरून गुच्छाचे वय ठरते. वळणबिंदूच्या वर तुरळक निळे तारे आढळतात. ॲलन सँडेज यांनी ते १९५३ मध्ये एम ३ गुच्छात प्रथम दाखवून दिले. दोन ताऱ्यांचे एकत्रीकरण किंवा जोडीदाराकडून मिळालेले द्रव्य यांमुळे ते पुन्हा ‘तरुण’ झाले असावेत, असे मानतात.

पुण्यातील परंपरा : पुण्यात आधुनिक खगोलभौतिकीय निरीक्षणांचा आरंभ कसबा पेठेपासून जवळच, मुठा नदीपलीकडे झाला. तेथील विज्ञान महाविद्यालयात (आताच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या आवारात) कावसजी दादाभाई नाईगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १८८८ मध्ये उभी केली. भावनगर संस्थानाच्या देणगीतून मिळालेला, डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेला तिचा ५१ सेंमी. व्यासाचा परावर्तक दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. नाईगमवालांचे कार्य मुख्यतः वर्णपटविज्ञानातील होते. मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटाचे त्यांनी निरीक्षण केले, तसेच २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊर येथून घेतले. ते १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडाईकानल येथे गेली.

हौशी निरीक्षकांची संघटित परंपरा मात्र पुण्यात नंतरच्या काळात रुजली. १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही भारतातील हौशी खगोलनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था मानली जाते. टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात तिचे केंद्र आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रामुळे (आयुका) पुणे हे या विषयाच्या उच्च संशोधनाचेही केंद्र बनले.

गोलाकार तारकागुच्छांविषयीचा एक महत्त्वाचा शोध पुणे जिल्ह्यातूनच लागला. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने कपोत समूहातील एनजीसी १८५१ या गुच्छात एक मिलिसेकंद स्पंदक (अतिवेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा) शोधल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. तो सु. ५ मिलिसेकंदांत एक परिवलन पूर्ण करतो आणि १८.८ दिवसांच्या कक्षेत जोडीदाराभोवती फिरतो. ही कक्षा अत्यंत लंबवर्तुळाकार असून तिची विमध्यता सु. ०.८९ आहे. गुच्छाच्या दाट गाभ्यात तारे एकमेकांच्या जवळून जातात व जोडीदारांची अदलाबदल होते, याचा हा बोलका पुरावा मानला जातो. त्याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने शोधलेल्या आणखी एका स्पंदकाचा जोडीदार सूर्याच्या २.१ ते २.७ पट द्रव्यमानाचा असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तो न्यूट्रॉन तारा आहे की कृष्णविवर, हा प्रश्न त्यातून पुढे आला. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावरील (२०१५) जंबुपार दूरदर्शकाच्या उभारणीत आयुकाचा सहभाग होता. त्या दूरदर्शकानेही एनजीसी १८५१ मधील उष्ण ताऱ्यांची छायाचित्रे घेतली आहेत. हाच गुच्छ पुण्याहून जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी दक्षिणेस ३१° उंचीवर येतो व १० सेंमी. दूरदर्शकातून लहान धूसर ठिपक्यासारखा दिसतो.

पुण्याहून दिसणारे गुच्छ : पुण्याचे अक्षांश १८° ३१′ उ. असल्याने ७१.५° दक्षिण क्रांतीपर्यंतचे आकाश तत्त्वतः येथून दिसू शकते. युरोपीय निरीक्षकांना दुर्लभ असलेला ओमेगा सेंटॉरी येथून २४° उंचीवर येतो, हा महाराष्ट्राच्या स्थानाचा मोठा लाभ होय. याउलट, त्याच्या खालोखाल तेजस्वी असलेला कारंडव समूहातील ४७ टुकानी (क्रांती –७२° ५′) पुण्याच्या क्षितिजाच्या किंचित खालीच राहतो. प्रमुख गुच्छांची माहिती कोष्टकात दिली आहे. त्यातील उंची (उन्नतांश) गुच्छ मध्यमंडलावर असतानाची आहे.

कोष्टक : पुण्याहून निरीक्षणास योग्य असे काही गोलाकार तारकागुच्छ

| गुच्छ | तारकासमूह | प्रत | कोनीय व्यास | अंतर (प्रकाशवर्षे, सु.) | पुण्याहून कमाल उंची | सोयीचा काळ |
|---|---|---|---|---|---|---|
| एनजीसी १८५१ | कपोत | ७.१ | ११′ | ३९,००० | ३१° | जाने.-फेब्रु., संध्याकाळ |
| एम ७९ | शशक | ७.७ | १०′ | ४२,००० | ४७° | जाने.-फेब्रु., संध्याकाळ |
| ओमेगा सेंटॉरी | नरतुरंग | ३.९ | ३६′ | १७,००० | २४° | एप्रिल-मे, रात्र |
| एम ३ | श्यामशबल | ६.२ | १८′ | ३३,००० | ८०° | एप्रिल-मे, रात्र |
| एम ५ | भुजंग | ५.६ | २३′ | २४,५०० | ७४° | मे, मध्यरात्र |
| एम ४ | वृश्चिक | ५.६ | ३६′ | ६,००० | ४५° | मार्च-एप्रिल, पहाट |
| एम १३ | शौरी | ५.८ | २०′ | २३,००० | ७२° | एप्रिल-मे, पहाट |
| एम २२ | धनू | ५.१ | ३२′ | १०,५०० | ४८° | एप्रिल-मे, पहाट, ऑक्टो., संध्याकाळ |
| एम १५ | महाश्व | ६.२ | १८′ | ३५,००० | ८४° | ऑक्टो.-नोव्हें., संध्याकाळ |
| एम २ | कुंभ | ६.५ | १६′ | ३८,००० | ७१° | ऑक्टो.-नोव्हें., संध्याकाळ |

ओमेगा सेंटॉरी चित्रा ताऱ्याच्या सरळ दक्षिणेस ३६° अंतरावर आहे. म्हणून चित्रा मध्यमंडलावर आली की, तिच्याखाली क्षितिजापासून २४° उंचीवर त्याचा शोध घ्यावा. एम ४ हा ज्येष्ठा ताऱ्याच्या पश्चिमेस सव्वा अंशावर आहे. एम १३ शौरीच्या चौकोनाच्या पश्चिम बाजूवर, उत्तरेकडील ताऱ्यापासून एकतृतीयांश अंतरावर आढळतो, तर एम ३ स्वाती व श्यामशबलातील सर्वांत तेजस्वी तारा यांच्या जवळजवळ मध्यावर सापडतो. भारतीय प्रमाण वेळ ८२.५° पूर्व रेखांशाची असल्याने पुण्यात स्थानिक मध्यरात्र घड्याळात सु. १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. परदेशी तक्त्यांतील मध्यमंडलगमनाच्या स्थानिक वेळा वापरताना हा फरक मिळविणे आवश्यक असते.

ऋतूंचा अडथळा हे महाराष्ट्रातील निरीक्षकापुढील खास संकट आहे. गुच्छांनी समृद्ध असलेले भुजंगधारी-धनू हे क्षेत्र जून-जुलैमध्ये मध्यरात्री मध्यमंडलावर येते व नेमक्या त्याच काळात नैर्ऋत्य मोसमी पावसाचे ढग आकाश झाकून टाकतात. परिणामी, या क्षेत्राचे निरीक्षण वर्षातून दोनदा, अल्पकाळच साधते : मार्च ते मे या काळात पहाटे आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी. एप्रिल-मेमध्ये हवेत धुरळा असतो. पावसाने धुऊन निघालेले ऑक्टोबरचे आकाश अधिक पारदर्शक असते. परंतु तोपर्यंत वृश्चिक मावळतीस टेकलेला असतो व दिवाळीच्या दिवसांत धूर आणि रोषणाई यांची भर पडते. मार्चअखेरच्या अमावास्येजवळ मेस्ये यादीतील सर्व वस्तू एका रात्रीत पाहण्याचा उपक्रम हौशी मंडळी करतात. त्यात उजाडता उजाडता उगवणारा मकर राशीतील एम ३० हा गुच्छ सर्वांत शेवटचा व अवघड ठरतो. उत्तर युरोपपेक्षा पुण्याच्या अक्षांशावरून तो गाठण्याची शक्यता अधिक असते.

शहरातून निरीक्षण : कसबा पेठ हा पुण्याचा सर्वांत जुना भाग होय. अरुंद गल्ल्या, एकमेकांना लागून असलेले वाडे व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे तेथे क्षितिज क्वचितच मोकळे मिळते. वाड्याच्या चौकातून केवळ डोक्यावरचा आकाशखंड दिसतो. परंतु एम १५, एम ३, एम ५ व एम १३ हे गुच्छ खस्वस्तिकाजवळून जात असल्याने तेवढा तुकडाही त्यांना पुरतो. दक्षिणेकडील गुच्छांसाठी गच्चीच हवी. २४° उंचीवरील ओमेगा सेंटॉरीचा प्रकाश, डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेने, सु. अडीचपट जाडीच्या हवेच्या थरातून येतो. शिवाय शहराचा उजेडही क्षितिजाजवळ अधिक असतो. म्हणून एरवी नुसत्या डोळ्यांना दिसणारा हा गुच्छ पेठेतून पाहण्यास द्विनेत्रीची गरज लागते. शहरापासून दूर, अंधाऱ्या जागी मात्र तो धूसर ताऱ्यासारखा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो.

दूरदर्शकाचा व्यास जितका मोठा तितके अधिक मंद तारे दिसतात. अंधाऱ्या आकाशात १० सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकातून सु. १२ व्या, १५ सेंमी.मधून सु. १३ व्या आणि २० सेंमी.मधून सु. १३.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एम ४ व एम २२ यांतील सर्वांत तेजस्वी तारे सु. ११ व्या प्रतीचे आहेत, तर एम १३ मधील सु. १२ व्या आणि एम ३ व एम १५ मधील १२.५ व्या प्रतीपलीकडचे आहेत. म्हणून १० सेंमी. दूरदर्शकातून एम १३ दाणेदार भासतो. पण त्याच्या कडेचे तारे सुटे दिसण्यास निदान १५ सेंमी. व्यास लागतो.

वर्धनाची योग्य निवड शहरात विशेष महत्त्वाची असते. वर्धन वाढविले की पार्श्वभूमीचा पसरट उजेड अधिक क्षेत्रावर विभागला जाऊन मंदावतो; परंतु तारे बिंदुरूपच राहत असल्याने त्यांचे तेज फारसे घटत नाही. म्हणून गुच्छ शोधताना ३० ते ५० पट व तारे सुटे पाहताना १०० ते २०० पट वर्धन वापरावे. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे द्यावी लागतात. आजूबाजूच्या खिडक्यांचा उजेड डोक्यावर काळे कापड घेऊन अडविल्यास दृश्य लक्षणीय सुधारते. गुच्छाकडे थेट न पाहता दृष्टी किंचित बाजूला ठेवली असता दृष्टिपटलाचा अधिक संवेदनशील भाग वापरला जातो व मंद तारे उमटतात. तापलेल्या स्लॅबवरून उठणाऱ्या हवेने प्रतिमा थरथरते. यास्तव उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतरचे निरीक्षण अधिक स्थिर असते.

छायाचित्रण : गुच्छाचे छायाचित्र घेण्यातील मुख्य अडचण त्याच्या गाभ्यातील व कडेच्या प्रकाशातील प्रचंड तफावत ही होय. कडेचे तारे उमटावेत म्हणून उद्‌भासनकाल (प्रकाश ग्रहण करण्याचा काळ) वाढविला, तर गाभा पांढराफटक होऊन त्यातील तारे एकमेकांत मिसळतात. म्हणून गाभ्यासाठी ५ ते १५ सेकंदांची व कडांसाठी १ ते २ मिनिटांची निराळी छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करतात. छायाचित्रण काचपट्ट्यांवर किंवा फिल्मवर करीत त्या काळी एकच दीर्घ उद्‌भासन द्यावे लागे व दूरदर्शक हाताने सतत ताऱ्यावर धरून ठेवावा लागे. आता सीसीडी व सीएमओएस संवेदकांमुळे अनेक लहान छायाचित्रे घेऊन ती एकावर एक बसविता येतात. संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १५ सेकंदांची १०० छायाचित्रे, म्हणजे एकूण २५ मिनिटे, जुळविली असता ते एका छायाचित्राच्या दसपट होते. उजळ आकाशामुळे दीर्घ उद्‌भासन शक्य नसलेल्या शहरात ही पद्धत उपकारक ठरली आहे.

केवळ तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यानेही आरंभ करता येतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरील तारा दर सेकंदाला १५″ सरकतो, तर ओमेगा सेंटॉरीच्या क्रांतीवर ही गती सु. १०″ असते. त्यामुळे ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने ५ सेकंदांत त्याची प्रतिमा संवेदकावर सु. १२ मायक्रॉन, म्हणजे ४ मायक्रॉनच्या तीन पिक्सेलइतकीच, सरकते. तारे सुटे दिसण्यासाठी मात्र ५०० ते १,५०० मिमी. केंद्रांतर व परिवलनाचे अनुसरण करणारी विषुववृत्तीय बैठक हवी. पुण्यात तिचा अक्ष ध्रुवाकडे, म्हणजे उत्तर क्षितिजापासून केवळ १८.५° उंचीवर रोखावा लागतो. पेठेत ध्रुव तारा इमारतींआड असल्यास आकाशाच्या दोन भागांतील ताऱ्यांच्या सरकण्यावरून अक्ष जुळवून घेतात.

प्रतिमेचे प्रमाण काढण्यास सोपे सूत्र आहे : पिक्सेलचा आकार (मायक्रॉनमध्ये) २०६ ने गुणून केंद्रांतराने (मिमी.मध्ये) भागले असता एका पिक्सेलवर पडणारा कोन सेकंदांत मिळतो. ४ मायक्रॉनचा पिक्सेल व १,००० मिमी. केंद्रांतर असता तो सु. ०.८″ येतो. वातावरणाच्या हालचालीने ताऱ्याची प्रतिमा सहसा २″ ते ३″ इतकी पसरत असल्याने यापेक्षा सूक्ष्म प्रमाण शहरात व्यर्थ ठरते. याच केंद्रांतराने एम १३ ची प्रतिमा सु. ६ मिमी., तर ओमेगा सेंटॉरीची सु. १०.५ मिमी. व्यासाची पडते.

मुख्य छायाचित्रांबरोबर दूरदर्शक झाकून घेतलेली अंधारचित्रे व एकसारख्या उजळलेल्या पृष्ठाची समतलचित्रे घ्यावीत. पहिलीमुळे संवेदकाचे दोष वजा करता येतात, तर दुसरीमुळे धूळकण व कडेची छाया दुरुस्त करता येते. तेजोमय अभ्रिकांसाठी उपयोगी पडणारे अरुंद पट्ट्याचे गालक गुच्छांसाठी निरुपयोगी आहेत. कारण ताऱ्यांचा प्रकाश सर्व तरंगलांब्यांत पसरलेला असतो. सोडियम दिव्यांच्या जागी आलेल्या पांढऱ्या दिव्यांचा उजेडही तसाच पसरट असल्याने तो गाळून वेगळा करणे अधिकच कठीण झाले आहे. रंगीत छायाचित्र योग्य उद्‌भासनाचे असल्यास राक्षसी तारे पिवळसर-नारिंगी व क्षैतिज शाखेवरील तारे निळसर दिसतात. गुच्छाच्या वयाचा हा रंगरूपी पुरावा डोळ्यांना दूरदर्शकातून सहसा जाणवत नाही.

छायाचित्रांचा शास्त्रीय उपयोग : एकाच गुच्छाची रात्रभर ठराविक अंतराने छायाचित्रे घेतल्यास रूपविकारी तारे ओळखता येतात. आरआर लायरी प्रकारच्या ताऱ्यांचे आवर्तन एका दिवसाहून कमी असल्याने काही रात्रींत त्यांचा तेजआलेख पूर्ण होतो. एम ४ मधील असे तारे १३ व १४ या प्रतींच्या दरम्यान असल्याने १५ ते २० सेंमी. दूरदर्शक व साधा संवेदक त्यांना पुरेसा आहे. एम ३ मध्ये २०० हून अधिक रूपविकारी तारे आहेत; परंतु तेथील आरआर लायरी तारे सु. १५.६ प्रतीचे असल्याने दीर्घ उद्‌भासन व अंधारे आकाश लागते.

या ताऱ्यांवरून अंतर काढता येते. त्यांची निरपेक्ष प्रत सु. ०.६ असते. एम ५ मधील या ताऱ्यांची सरासरी प्रत सु. १५.१ आढळते. धूलीमुळे झालेली सु. ०.१ इतकी घट वजा केली असता १५.० उरते व दोन्ही प्रतींतील फरक १४.४ येतो. या फरकास ५ ने भागून त्यात १ मिळविला असता अंतराचा (पार्सेकमधील) लॉगरिथम ३.८८ मिळतो. यावरून अंतर सु. ७,६०० पार्सेक, म्हणजे जवळजवळ २५,००० प्रकाशवर्षे येते. हे आधुनिक मापनांशी जुळते. शॅप्ली यांनी मोठ्या वेधशाळेत वापरलेल्या तर्काची ही मूळ पायरी आज गच्चीवरून घेतलेल्या छायाचित्रांवर करता येते.

काही प्रश्न मात्र मोठ्या उपकरणांनाच सोडविता येतात. ओमेगा सेंटॉरीत सु. एक कोटी तारे असून त्यात निरनिराळ्या वयाच्या ताऱ्यांच्या पिढ्या आढळतात. म्हणून तो आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे मत आहे. त्याच्या केंद्राजवळील वेगवान ताऱ्यांच्या गतीवरून तेथे सूर्याच्या निदान ८,२०० पट द्रव्यमानाचे कृष्णविवर असावे, असा निष्कर्ष हबल अवकाश दूरदर्शकाच्या छायाचित्रांवरून २०२४ मध्ये काढण्यात आला. या निष्कर्षासाठी दोन दशकांहून अधिक काळातील छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहिली गेली. जुन्या छायाचित्रांचे जतन किती मोलाचे असते, हे यावरून दिसून येते.

हौशी निरीक्षकानेही प्रत्येक निरीक्षणाची तारीख, वेळ, स्थळ, दूरदर्शकाचा व्यास, वर्धन, गुच्छाची उंची आणि त्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत नोंदवून ठेवावी. गुच्छ कोट्यवधी वर्षांत बदलत नाहीत. बदलते ते त्यांच्यापुढचे आकाश. एकाच गच्चीवरून, एकाच दूरदर्शकाने, वर्षानुवर्षे केलेल्या अशा नोंदींवरून शहराच्या प्रकाशदूषणाची वाढ किंवा रस्त्यावरील दिवे झाकून खाली वळविल्यामुळे झालेली घट निश्चितपणे मोजता येते. एम ५५ सारखा विरळ गुच्छ ज्या रात्री पेठेतील गच्चीवरून पुन्हा सहज दिसेल, ती रात्र अशा नोंदवहीत स्पष्ट ओळखू येईल.